विजेचे वाद्य आणि वादकाचा वाटा



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत किंवा बोनस यांवर बोलणार, अशी लोकांची समजूत असते. आज मी एका वाद्यावर बोलणार आहे. कार्यक्रमपत्रिका वाचून काहींना ती छपाईची चूक वाटली असेल. पण ती चूक नव्हे. एक कबुली मात्र आधीच देऊन टाकतो. संगीतशास्त्रात माझी गती बेताचीच आहे. शाळा दहावीपाशी संपली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. रागाचे वादी-संवादी मला सांगता येणार नाहीत. कामगार न्यायालयातले वादी-प्रतिवादी विचाराल तर सांगेन.

मग हा विषय मी का घेतला? त्याला दोन भेटी कारण झाल्या. पहिली भेट पंचवीस वर्षांपूर्वीची. गोव्याहून मुंबईस येणारे खलाशी, आचारी, वादक हे आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या वसतिगृहांत उतरत. त्याला ते 'कूड' म्हणतात. माझगावच्या अशा एका कूडमध्ये मला एक वृद्ध व्हायोलिनवादक भेटले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात त्यांनी तीस वर्षे वाजवले होते. मी सवयीने विचारले, "अंकल, तुमचे काम सुटले कसे? नोटीस मिळाली होती का?" ते हसले आणि म्हणाले, "नोटीस कसली, बाबा! आम्हाला कोणी काढले नाही. फक्त बोलावणे बंद झाले."

दुसरी भेट अलीकडची. आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा डोंबिवलीस राहतो. त्याच्या खोलीत एका लाकडी चौकटीत धातूच्या उभ्या पट्ट्या बसवल्या होत्या. त्यांवर फिरवण्याची बटणे, मिणमिणते दिवे, आणि एका भोकातून निघून दुसऱ्या भोकात गेलेल्या रंगीबेरंगी तारांचे जंजाळ. मला जुन्या टेलिफोन एक्सचेंजची आठवण झाली. "काका, हा मॉड्युलर सिंथेसायझर," तो म्हणाला, आणि त्याने एक बटण हलकेच फिरवले. त्या लहानशा खोलीत असा काही गंभीर खर्ज घुमला की माझ्या अंगावर काटा आला. परत येताना गाडीत मला माझगावचे ते अंकल आठवत राहिले. त्यांचे बोलावणे ज्या जातीच्या यंत्राने बंद केले, त्याच जातीच्या यंत्राने हा मुलगा वेडा झाला होता. या दोघांतला कोण बरोबर? या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी मी वाचू लागलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

विजेकडून नाद काढून घेण्याची खटपट शंभर वर्षांहून जुनी आहे. थॅडियस केहिल नावाच्या अमेरिकन संशोधकाने १८९७ साली तिचे पेटंट मिळवले, आणि १९०६ साली त्याचे 'टेलहार्मोनियम' न्यूयॉर्कमध्ये लोकांपुढे आले. त्याचे वजन सुमारे २०० टन होते. तळघरात प्रचंड चक्रे फिरत, त्यांतून निघालेला विजेचा प्रवाह टेलिफोनच्या तारांवरून हॉटेलांत आणि उपाहारगृहांत जाई, आणि तिथे गिऱ्हाइके जेवता जेवता संगीत ऐकत. हा धंदा थोड्याच वर्षांत बुडाला. पण त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उपाहारगृहात वादक न बसवता तिथे संगीत पोचवायचे, हा विचार या वाद्याच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

पुढे रशियात लेव्ह थेरेमिन याने हाताचा स्पर्शही न होता, केवळ हवेत हात हलवून वाजणारे वाद्य काढले. नंतर १९५५ साली अमेरिकेच्या आर.सी.ए. कंपनीने हॅरी ओल्सन आणि हर्बर्ट बेलार या अभियंत्यांनी बांधलेला सिंथेसायझर जाहीर केला. त्याची दुसरी, अधिक मोठी आवृत्ती पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बसवली गेली. तिने खोलीची एक भिंतच व्यापली. या यंत्राला सूर कसा सांगत? कागदाच्या फितीवर भोके पाडून. हे वाचले तेव्हा मी चमकलो. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. जॅकार्डच्या साच्यावर नक्षी कशी उतरते, हे त्यांनी मला लहानपणी सांगितले होते: भोके पाडलेले पुठ्ठे फिरतात, आणि भोकाप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात. कापडाची नक्षी आणि संगीताची नक्षी यांची लिपी एकच निघाली! आणि फ्रान्समधल्या रेशीम विणकरांना जॅकार्डच्या साच्याची जी धास्ती वाटली, तीच पुढे वादकांना वाटली.

वादकांना ही धास्ती उगाच वाटत नव्हती. त्यांनी एकदा चटका खाल्ला होता. मूकपटांच्या काळात अमेरिकेतल्या प्रत्येक बऱ्या चित्रपटगृहात पडद्यापुढे वाद्यवृंद बसत असे. १९२७ नंतर बोलपट आले आणि हजारो वादक थोड्याच वर्षांत रस्त्यावर आले. त्यांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सने, वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या, यांत्रिक संगीताला आत्मा नसतो असे लोकांना परोपरीने सांगितले. लोकांनी ते ऐकले आणि ते बोलपट पाहायला गेले.

या पराभवातून एक माणूस शिकला. त्याचे नाव जेम्स पेट्रिलो. शिकागोच्या गरीब वस्तीतून वर आलेला हा गृहस्थ १९४० साली संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. युद्धाचे दिवस होते. वर्तमानपत्रे त्याच्यावर तुटून पडली. खुद्द राष्ट्राध्यक्षांनी काम सुरू करण्याची विनंती केली. वादक हटले नाहीत. डेक्का कंपनी १९४३ च्या सप्टेंबरात नमली. कोलंबिया आणि व्हिक्टर या बड्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरात. आणि त्यांनी मिळवले काय? ध्वनिमुद्रिका बंद करा, अशी त्यांची अट नव्हती. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ध्वनिमुद्रिकेमागे ठरावीक रक्कम एका निधीत जमा व्हावी, आणि त्या निधीतून वादकांना मोबदला देऊन लोकांसाठी मोफत जलसे व्हावेत, असा तो करार होता. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने संघटनेच्या हातातला असा निधी बेकायदा ठरवला. तेव्हा १९४८ साली दुसरा बहिष्कार झाला आणि तो निधी स्वतंत्र विश्वस्ताच्या हाती देऊन वाचवण्यात आला. तंटा यंत्राशी नव्हता. यंत्राने जे वाचवले त्यातल्या हिश्शाशी होता. श्रोतेहो, माझ्या सगळ्या भाषणाची किल्ली या एका करारात आहे. ती हाती धरून पुढे चला.

आता मूळ पुरुषाकडे येऊ. रॉबर्ट मोग. आपल्याकडे बहुतेक जण 'मूग' म्हणतात. ते स्वतः 'मोग' म्हणत. (मूग गिळून बसावे लागलेल्या वादकांची हकीकत पुढे येणारच आहे!) यांचा जन्म १९३४ साली न्यूयॉर्क शहरात झाला. मिसरूड फुटायच्या वयात ते वडिलांबरोबर घरी थेरेमिन बांधून विकत. १९६३ साली त्यांची गाठ हर्बर्ट डॉइच या संगीत शिक्षकाशी पडली, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात ट्रुमन्सबर्ग नावाच्या लहान गावी दोघांनी मिळून पहिला नमुना तयार केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो अभियंत्यांच्या परिषदेत मांडला गेला.

या यंत्रात नवे काय होते? विषय तांत्रिक आहे, पण अवघड नाही. नाद म्हणजे कंप. विजेच्या साहाय्याने कंप निर्माण करणारा एक भाग, त्याला आंदोलक म्हणू. त्यातून निघणारा नाद भरड असतो. गिरणीतून नुकत्या आलेल्या पिठासारखा. तो चाळायला गाळणी, हा दुसरा भाग. नाद केव्हा उठावा, किती टिकावा, कसा विरावा हे ठरवणारा तिसरा. आणि तो मोठा करणारा चौथा. हे भाग सुटेसुटे, आणि ते तारांनी हवे तसे जोडायचे. म्हणून त्याला 'मॉड्युलर' म्हणतात. मोग यांची खरी युक्ती अशी की, या प्रत्येक भागाला विजेच्या दाबाने हुकूम देता येईल अशी सोय त्यांनी केली. दाब एक व्होल्टने वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. पूर्वी जे काम बटण फिरवणाऱ्या हाताला करावे लागे, ते एक भाग दुसऱ्या भागाला सांगून करवू लागला. आंदोलक गाळणीला हुकूम देतो, गाळणी उघडते मिटते, आणि नुसता भोंगा वाटणारा आवाज बोलू लागतो. डोंबिवलीच्या खोलीत मी जो खर्ज ऐकला, त्याच्या पोटात हीच चार माणसांची पाळी चालली होती, असे म्हणा ना!

याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला यांनीही असेच यंत्र उभे केले. मॉर्टन सुबोटनिक आणि रामोन सेंडर या संगीतकारांनी त्यांना ते करायला सांगितले होते. बुक्ला यांना पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नको होत्या. नवे वाद्य जुन्या सवयीत कोंबू नये, असा त्यांचा आग्रह. मोग यांनी पट्ट्या बसवल्या. ज्याला पेटी वाजवता येते त्याला हे वाजवता येईल, असे लोकांना वाटले, आणि मोग यांचे यंत्र खपले. धंद्यात पुष्कळदा असेच होते.

ट्रुमन्सबर्गच्या कारखान्यात सर्किटच्या पट्ट्यांवर सुटे भाग बसवून त्यांना सोल्डरचे डाग देण्याचे काम बहुतांशी गावातल्या बायका करत. मी अंधेरीच्या बाजूला अशाच कामावरच्या बायकांची संघटना बांधली आहे. सोल्डरचा धूर डोळ्यांत जातो, मान अवघडते, आणि एक डाग कच्चा राहिला तर अख्खी पट्टी मुकी होते. जगातल्या संगीतात नवे युग आणणाऱ्या यंत्राचा इतिहास सांगताना शोधकाचे नाव येते, गायकाचे येते. डाग देणारीचे येत नाही. म्हणून तेवढा उल्लेख मुद्दाम केला.

१९६८ साली वेंडी कार्लोस यांनी मोगच्या यंत्रावर बाखच्या रचना वाजवून 'स्विच्ड-ऑन बाख' ही ध्वनिमुद्रिका काढली. दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि तीन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. गंमत पहा. हे यंत्र एका वेळी एकच सूर काढू शके. त्यामुळे प्रत्येक ओळ वेगळी वाजवायची, फितीवर घ्यायची, तिच्यावर दुसरी चढवायची, असे महिनोन्महिने काम करावे लागले. म्हणजे आरंभी या यंत्राने श्रम वाचवले नाहीत, वाढवलेच! तरीही जाहिराती बनवणाऱ्यांनी एक गोष्ट बरोबर हेरली. श्रम कितीही लागोत, माणूस एकच लागत होता.

वादकांच्या संघटनेच्याही हे ध्यानात आले. १९६९ साली तिने जाहिरातींच्या कामात सिंथेसायझर वापरण्यावर निर्बंध आणले. तेव्हा वॉल्टर सीअर नावाचे गृहस्थ मध्ये पडले. ते स्वतः ट्यूबा वाजवत आणि न्यूयॉर्कमध्ये मोगची यंत्रे विकत. हे आपोआप वाजणारे यंत्र नव्हे, हे वाद्यच आहे, ते वाजवायला कसलेला वादक लागतो, हे त्यांनी संघटनेला पटवले, आणि निर्बंध सैल झाले. सीअर यांचे म्हणणे खरेच होते. परंतु माझ्या मते इथे एक घोटाळा झाला. 'हे वाद्य आहे की नाही' यावर वाद झाला आणि त्यावरच मिटला. 'या वाद्याने जे वाचेल त्यात वाटा कोणाचा', हा पेट्रिलोचा प्रश्न मागे पडला.

इंग्लंडमध्ये वाट्याचा प्रश्न निराळ्या रूपाने दिसतो. बी.बी.सी.ने १९५८ साली रेडिओफोनिक वर्कशॉप काढले. डॅफ्ने ओरॅम या बाईंचा त्यात पुढाकार होता. तिथे डेलिया डर्बिशायर यांनी १९६३ साली 'डॉक्टर हू' या दूरचित्रवाणी मालिकेचे प्रारंभीचे संगीत घडवले. तेव्हा सिंथेसायझर त्यांच्यापाशी नव्हता. यंत्रांच्या चाचणीसाठी ठेवलेल्या आंदोलकांतून एकेक सूर काढून, फितीचे तुकडे कापून, चिकटवून त्यांनी ते उभे केले. मूळ रचना रॉन ग्रेनर यांची. त्यांनी ते ऐकले, आणि आपल्या मानधनातला अर्धा वाटा डर्बिशायर यांना मिळावा अशी इच्छा व्यक्त केली. संस्थेच्या नियमात ते बसले नाही; त्या पगारी नोकर होत्या. त्या मालिकेत पडद्यावर त्यांचे नाव झळकले ते २०१३ साली. बाई २००१ मध्येच वारल्या होत्या.

आता १९८२ सालाकडे येतो. हे साल माझ्या वयाच्या मुंबईकराला समजावून सांगावे लागत नाही. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि लालबागच्या आमच्या चाळीत भोंग्याअभावी सकाळ कधी होते ते कळेनासे झाले. मी शाळकरी पोर होतो. त्याच वर्षी २३ मे रोजी लंडनमध्ये म्युझिशियन्स युनियनच्या मध्य लंडन शाखेने एक ठराव केला: ध्वनिमुद्रणात आणि जलशांत सिंथेसायझर आणि ढोलाचे यंत्र यांना बंदी असावी. बॅरी मॅनिलो या गायकाने इंग्लंडच्या दौऱ्यात वाद्यवृंदाऐवजी सिंथेसायझर वापरले, हे त्याचे निमित्त. योगायोग असा की २३ मे हा रॉबर्ट मोग यांचा जन्मदिवस! संघटनेच्या मध्यवर्ती मंडळाने हे धोरण स्वीकारले नाही, तरुण वादकांनी टिंगल केली, आणि इतिहासात तो ठराव एक विनोद म्हणून उरला.

मला त्याचे हसू येत नाही. मी त्या सभेत असतो तर माझाही हात वर गेला असता. कारण पुढे तो एकदा गेलाच. मघाशी सांगितलेल्या सोल्डरकाम करणाऱ्या बायकांच्या कारखान्यात मालकाने एकदम शेकडो डाग देणारे यंत्र आणायचे ठरवले. आम्ही फाटकावर बसलो. यंत्र आत येऊ दिले नाही. जिंकलो म्हणून पेढे वाटले. दोन वर्षांनी मालकाने दुसऱ्या राज्यात नवा कारखाना काढला, तिथे ते यंत्र बसवले, आणि इथल्या फाटकाला कुलूप लागले. त्यातल्या एक बाई मला पुढे बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, यंत्र येऊ दिले असते आणि त्या बदल्यात काही लिहून घेतले असते, तर?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. आज इतक्या वर्षांनी इथे उभा राहून मी त्यांना उत्तर देतो: बाई, तुमचे खरे होते.

त्याच १९८२ ची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जपानात ओसाका येथे इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली रोलँड कंपनी काढली होती. १९८० साली तिने 'टी.आर. ८०८' हे ढोलाचे यंत्र बाजारात आणले. दुसऱ्यांनी सदोष म्हणून बाद केलेले ट्रान्झिस्टर काकेहाशी यांनी मुद्दाम विकत घेतले होते. त्यांच्या दोषातूनच त्या यंत्राचा खास आवाज निघे. खऱ्या ढोलासारखे ते वाजत नाही, म्हणून गिऱ्हाइकांनी नाके मुरडली, आणि सुमारे १२,००० नग काढून १९८३ साली त्याचे उत्पादन थांबले. 'टी.बी. ३०३' या खर्जाच्या यंत्राची तीच गत झाली. मग ही यंत्रे जुन्या बाजारात कवडीमोल भावाने आली. आणि तिथून ती कोणी उचलली? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या, शिकागोच्या, डेट्रॉइटच्या काळ्या वस्त्यांतल्या पोरांनी. ज्यांना वाद्यवृंद परवडण्याचा प्रश्नच नव्हता, ज्यांना कोणी कधी बोलावलेच नव्हते, त्यांनी. ब्राँक्सच्या आफ्रिका बंबाटा यांची ८०८ वर वाजवलेली 'प्लॅनेट रॉक' १९८२ चीच. शिकागोच्या तिघा मित्रांनी ३०३ ची बटणे वेडीवाकडी फिरवून १९८७ साली 'ॲसिड' नावाचा नवा संगीतप्रकारच जन्माला घातला. लंडनच्या सभेत ज्या यंत्राला भाकरी हिरावणारा म्हटले, त्याच जातीच्या यंत्राने शिकागोत दुसऱ्या कोणाला भाकरी दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

१९८३ मध्ये आणखी दोन घटना घडल्या. डेव्ह स्मिथ आणि काकेहाशी यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलावे अशी समाईक भाषा ठरली, तिचे नाव 'मिडी'. आणि तिच्यावर कोणी हक्काचे पैसे लावले नाहीत. त्याच वर्षी यामाहाचा 'डी.एक्स. ७' आला. त्याच्यामागची युक्ती स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांनी शोधली होती. विद्यापीठाने यामाहाशी रीतसर करार केला होता, आणि त्या पेटंटाने विद्यापीठाला सुमारे २ कोटी डॉलर मिळवून दिले. पाहा, करार ज्याचा होता त्याच्या पदरात वाटा पडला!

ही स्वस्त झालेली यंत्रे मुंबईस पोचली. तसे विजेचे वाद्य मुंबईला अगदीच अपरिचित नव्हते. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली बीन आठवते? ती पुंगी नव्हती. कल्याणजी यांनी ती क्लॅव्हिओलाइन या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत गीता साराभाई यांच्या पुढाकाराने मोगचा सिंथेसायझर बसला आणि १९७२ पर्यंत तिथे प्रयोग चालले. सत्तरीच्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी मुंबईच्या ध्वनिमुद्रणात मोगचे लहान यंत्र आणले. आणि पुन्हा १९८२: चरणजित सिंग यांनी ८०८, ३०३ आणि ज्युपिटर ८ घेऊन दहा राग नव्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. २०१० साली ती ध्वनिमुद्रिका परदेशात पुन्हा निघाली आणि म्हातारपणी त्यांना जगभर बोलावणी आली.

पण माझगावच्या अंकलना? त्यांचा काळ मोठ्या वाद्यवृंदांचा. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सॅबेस्टियन डिसोझा अशा गोमंतकीय संयोजकांनी मुंबईच्या स्टुडिओंत पाऊणशे-शंभर वादक एका वेळी बसवले. वादकांची संघटना होती, प्रतीप्रमाणे दर ठरलेले होते. मग नव्वदीच्या दशकात व्हायोलिनांचा अख्खा ताफा एका पट्ट्यांच्या वाद्यातून निघू लागला, आणि उरलेले वादक एकेक करून वेगवेगळ्या दिवशी येऊन वाजवून जाऊ लागले. शंभर माणसे एका दालनात बसत तोवर ती संघटना होती. एकेकटी आली तेव्हा ती गिऱ्हाइकाची वाट पाहणारी माणसे झाली. शिवाय पैसे मिळायचे ते त्या दिवसाच्या कामाचे. ज्याला बोलावणेच नाही, त्याचा दर कितीही चांगला ठरवलेला असला तरी उपयोग काय? गिरणीतला बदली कामगार हेच दुःख जाणतो. काढणारा दिसला तर त्याच्याशी भांडता येते. न बोलावणाऱ्याचे घर कुठे शोधणार?

मोग यांचे स्वतःचे काय झाले? १९७० च्या सुमारास त्यांचा 'मिनिमूग' तयार झाला, तो जगभर गाजला; पण कर्जापायी १९७१ मध्ये कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली, आणि १९७७ साली ते तिथून बाहेर पडले. आपल्या नावाने धंदा करण्याचा हक्क परत मिळायला त्यांना २००२ साल उजाडले. २००५ साली ते वारले. पुढे २०१५ मध्ये ॲशव्हिल गावच्या या कंपनीचा ४९ टक्के हिस्सा कामगारांच्या योजनेकडे आला. २०२२ मध्ये कामगारांनी संघटना बांधण्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये कंपनी एका मोठ्या उद्योगसमूहाने विकत घेतली, आणि त्याच वर्षी ॲशव्हिलच्या अनेक कामगारांना घरी बसावे लागले. वादकांची भाकरी हिरावते म्हणून बदनाम झालेले यंत्र बांधणारेही अखेर त्याच रांगेत येऊन उभे राहिले.

आणि यंत्र मात्र पुन्हा तरुण झाले आहे. जर्मनीच्या डीटर डोएफर यांनी १९९५ साली सुट्या भागांची एक लहान, स्वस्त पद्धत आणली. तिच्या मापाने आज शेकडो लहान कारागीर भाग बनवतात, आणि कोणाचाही भाग कोणाच्याही शेजारी बसतो. डोंबिवलीच्या मुलाची चौकट याच मापाची. कवडीमोल गेलेले ३०३ आता मूळ किमतीच्या कितीतरी पटीने विकले जाते. संगणकात सगळे आवाज आयते मिळत असताना या पोरांना तारा का जोडाव्याशा वाटतात? मी त्याला विचारले. तो म्हणाला, "काका, इथे हात लावला की काहीतरी घडतं." हाताचे काम हाताला हवेसे वाटते, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला.

तर मग दोघांत बरोबर कोण, या प्रश्नाचे माझे उत्तर असे. मुलगा बरोबर आहे, कारण वाद्याला दोष नाही. त्यात सौंदर्य आहे आणि ज्याला दार बंद होते त्याला ते दार उघडून देते. अंकलही बरोबर आहेत, कारण त्यांचे तीस वर्षांचे सूर ज्यांच्या तिजोरीत जमा झाले, त्यांनी निरोपाचे दोन शब्दही बोलले नाहीत. चुकले ते आम्ही, संघटनावाले. यंत्र दाराशी येईपर्यंत आम्ही थांबलो, आणि आल्यावर एक तर त्याला अडवले, नाही तर वाट मोकळी करून दिली. तिसरा मार्ग १९४४ साली एकाने दाखवला होता. यंत्राला आत घ्यावे, पण आत घेण्यापूर्वी कागद पुढे करावा.

आता ज्याला स्वर, शब्द, चेहरा काहीच परके नाही असे नवे यंत्र दाराशी उभे आहे. अमेरिकन वादकांच्या त्याच संघटनेने २०२४ साली चित्रपट आणि दूरचित्रवाणी कंपन्यांशी केलेल्या करारात या कृत्रिम बुद्धीविषयीची कलमे घालून घेतली आहेत. आपल्याकडे, आपल्या या शहरात, शाईची दौत अजून उघडायची आहे. कारखान्यातले असोत, कचेरीतले असोत की स्टुडिओतले, आपण सर्वांनी ती वेळेवर उघडावी, एवढे सांगण्यासाठी मी आज आपला तासभर घेतला.